मोनोस्पेस फॉन्टमधली लिगेचर आणि फीचर टॅग: एडिटर-टर्मिनलमध्ये काय लावायचं, काय बिघडतं

तिरपीरेघ

फॉन्ट तोच, यंत्र तेच, तरी `->` ही दोन चिन्हं चार ठिकाणी वेगवेगळी दिसतात. व्हीएस कोडमध्ये अखंड बाण, म्हणजे दोन चिन्हांचं एक जोडचित्र (लिगेचर). एका टर्मिनलमध्ये बाणाचा फक्त उजवा तुकडा, डावीकडे रिकामी जागा. दुसऱ्या टर्मिनलमध्ये साधं हायफन आणि त्यापुढे मोठं-चिन्ह. ईमॅक्समध्येही साधंच. दोष फॉन्टचा की एडिटरचा, हे ओळखायचं कसं?

दुसरा प्रश्न: शून्यात तिरपी रेघ हवी, बाण हवेत, पण `!=` चं `≠` झालेलं नको. हे सुटं सुटं चालू-बंद करता येतं का?

फीचर टॅग (फॉन्टातली एखादी सोय चालू-बंद करायचं चार अक्षरी नाव), सेटिंग आणि आज्ञा या धाग्यात देवनागरीतच लिहूया. प्रत्यक्ष फाइलीत त्या रोमन अक्षरांत आणि रोमन आकड्यांत टाकायच्या.

---

चौकटमोजणी

तुम्ही जे वर्णन केलंय त्यातच निदान आहे. आधी फॉन्ट आतून काय करतो ते पाहू.

साध्या फॉन्टमध्ये 'एफ' आणि 'आय' जोडून एक ग्लिफ (फॉन्टातलं एक चित्र) होतो तेव्हा जीसब या ग्लिफ बदलणाऱ्या नियमांच्या तक्त्यातला चौथ्या प्रकारचा लुकअप (नियमांचा गट) वापरतात: दोन ग्लिफ काढा, एक घाला. मोनोस्पेसमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सारख्याच रुंदीची एक चौकट असते तिथे, ही पद्धत अडचणीची. दोन चौकटींच्या जागी दुप्पट रुंदीचा एक ग्लिफ येतो. कर्सर मध्ये कुठे थांबवायचा, हे एडिटरला अंदाजाने ठरवावं लागतं. शिवाय सगळे ग्लिफ एका रुंदीचे राहिले नाहीत, तर काही प्रणाली त्या फॉन्टला मोनोस्पेस मानत नाहीत. फॉन्टकॉन्फिगमध्ये (लिनक्सवर फॉन्ट शोधून देणारी प्रणाली) 'स्पेसिंग' १०० म्हणजे मोनो, ९० म्हणजे दुहेरी रुंदी, ० म्हणजे प्रमाणबद्ध. टर्मिनलची फॉन्टयादी यावर गाळलेली असली, की तुमचा फॉन्ट यादीतून गायब.

म्हणून फिरा कोड, जेटब्रेन्स मोनो या घराण्यातले फॉन्ट वेगळा मार्ग घेतात. दोन चिन्हं आत, दोन ग्लिफ बाहेर. पहिल्याच्या जागी पूर्ण रिकामा ग्लिफ, दुसऱ्याच्या जागी बाण. दोघांचीही रुंदी नेहमीचीच, समजा ६०० एककं. पण बाणाची रेखाकृती स्वतःच्या चौकटीच्या डावीकडे बाहेर पडते आणि रिकाम्या चौकटीवर पसरते, म्हणजे तिची डावी बाजू ऋण असते. हे सगळं कॅल्ट या फीचरमध्ये बसवतात. कॅल्ट म्हणजे संदर्भानुसार पर्यायी आकार, आणि शेपर (मजकुरातल्या चिन्हांसाठी ग्लिफ निवडून मांडणारा कार्यक्रम) तो सहसा न सांगताच चालू ठेवतो.

नियम साधारण असे लिहितात (ज्यापुढे ' आहे तोच ग्लिफ बदलतो, बाकीचे संदर्भ; 'इग्नोअर' म्हणजे या क्रमाला हात लावू नका):

```
इग्नोअर सब हायफन हायफन' ग्रेटर;
इग्नोअर सब हायफन' ग्रेटर ग्रेटर;
सब रिकामा ग्रेटर' बाय बाण;
सब हायफन' ग्रेटर बाय रिकामा;
```

यात एक बारकावा आहे, स्वतः फॉन्टात हात घालणाऱ्याला तो नेमका अडवतो. शेपर डावीकडून उजवीकडे जातो. मागचा संदर्भ त्याला बदललेल्या रूपात दिसतो, पुढचा न बदललेल्या. म्हणून हायफनवर असताना पुढे 'ग्रेटर' शोधायचा आणि 'ग्रेटर'वर आल्यावर मागे हायफन नव्हे, 'रिकामा' शोधायचा. तिसऱ्या नियमात मागे हायफन लिहिला, तर तो नियम कधीच लागत नाही, कारण हायफन तिथे उरलेलाच नसतो. 'इग्नोअर'च्या ओळी सगळ्यांत वर हव्यात, नाहीतर `-->` मधली शेवटची दोन चिन्हं बाण होतात आणि एक हायफन सुटा लोंबतो. तीन चिन्हांच्या लिगेचरचे लुकअप दोन चिन्हांच्या आधी, हेही त्याच कारणाने.

आता तुमची लक्षणं लावून पाहा. साधी दोन चिन्हं दिसली, तर फीचर लागलंच नाही, किंवा दोन्ही चिन्हं शेपरपर्यंत एकत्र पोचलीच नाहीत. बाणाचा उजवा तुकडाच दिसला, तर फीचर लागलंय, पण टर्मिनल प्रत्येक चौकट वेगळी रंगवतो आणि बाहेर आलेला भाग कापतो. दोन्ही बाबतींत फॉन्ट निर्दोष आहे.

---

बिंदुरेषा

वरच्या निदानाचा पुरावा मिळवायची सोपी वाट: हार्फबझ या शेपरसोबत येणारं एचबी-शेप. एडिटर पूर्ण बाजूला ठेवून फॉन्ट आणि शेपर दोघांनाच विचारता येतं.

```
एचबी-शेप फॉन्ट.टीटीएफ "->"
[रिकामा=०+६००|बाण=१+६००]

एचबी-शेप --फीचर्स="-कॅल्ट" फॉन्ट.टीटीएफ "->"
[हायफन=०+६००|ग्रेटर=१+६००]
```

बरोबर-चिन्हाआधी ग्लिफचं नाव, नंतर क्लस्टर क्रमांक म्हणजे मूळ मजकुरातली जागा, अधिकच्या पुढे रुंदी. ग्लिफची नावं प्रत्येक फॉन्टात वेगळी असतात. दोन क्लस्टर सुटे आहेत आणि दोन्ही रुंद्या ६०० आहेत, म्हणजे कर्सर मध्ये नीट थांबेल. इथे एकच ग्लिफ आणि १२०० आलं, तर फॉन्ट चौथ्या प्रकारचा लुकअप वापरतोय, आणि चौकटी मोजणाऱ्या टर्मिनलमध्ये तो त्रास देणार हे गृहीत धरा.

चित्र पाहायचं असेल तर एचबी-व्ह्यू त्याच पर्यायांनी प्रतिमा काढून देतं. कुठल्याही एडिटरच्या नावाने तक्रार लिहिण्याआधी या दोन आज्ञा चालवा.

---

सुटीअक्षरे

माझं मत सरळ आहे: लिगेचर नकोच. `!=` चं `≠` दिसतं, पण `≠` हे स्वतंत्र युनिकोड चिन्हही आहे, आणि काही भाषांमध्ये ते कोडमध्ये चालतंसुद्धा. पडद्यावर दोन्ही एकसारखी दिसली, तर कोड तपासणारा काय वाचतोय हे त्यालाच ठाऊक नसतं. लिगेचर अर्थ पाहत नाही, फक्त चिन्हांचा क्रम पाहतं. स्ट्रिंगमध्ये, रेगेक्समध्ये, कॉमेंटमध्ये सगळीकडे लागतं. फिरा कोडमध्ये आकड्यांमधला 'एक्स' गुणाकाराच्या चिन्हासारखा होतो. हेक्स आकड्याच्या सुरुवातीला ते कुणाला आवडेल, कुणाला नाही.

ज्यांना हे नको त्यांनी सेटिंगशी झगडू नये. कॅस्केडिया कोडऐवजी कॅस्केडिया मोनो घ्या, जेटब्रेन्स मोनोऐवजी त्याची एनएल आवृत्ती घ्या. आकार तेच, लिगेचर नाहीत.

---

चौकटमोजणी

@सुटीअक्षरे, `≠` बद्दलचा मुद्दा पटतो. शिकवताना, पडदा दाखवताना आणि दुसऱ्याचा कोड तपासताना लिगेचर बंदच असावीत. पण बाणांना तो आक्षेप तितका लागू होत नाही. `=>` चा बाण युनिकोडच्या बाणापेक्षा वेगळा आणि दोन चौकटी व्यापणारा असतो; गल्लत व्हायला वाव कमी. सरसकट चालू किंवा सरसकट बंद यापेक्षा गट निवडणं बरं, आणि मूळ प्रश्नही तोच आहे.

---

फीचरशोध्या

गट निवडण्याबद्दल.

व्हीएस कोडमध्ये एडिटर.फॉन्टलिगेचर्सला तीन तऱ्हेची किंमत देता येते. 'फॉल्स' दिलं तर लिगा (नेहमीच्या लिगेचरचं फीचर) आणि कॅल्ट दोन्ही बंद. 'ट्रू' दिलं तर दोन्ही चालू. अवतरणात मजकूर दिला, तर तो जसाच्या तसा सीएसएसच्या (वेबपानाचं रूप ठरवणारी भाषा) फॉन्ट-फीचर-सेटिंग्जमध्ये जातो:

```
"एडिटर.फॉन्टलिगेचर्स": "'झीरो', 'एसएस०१', 'सीव्ही०५' २"
```

झीरो म्हणजे रेघवालं शून्य. एसएस म्हणजे शैलीसंच, ०१ ते २०. सीव्ही म्हणजे एकेका अक्षराचा पर्याय, ०१ ते ९९. त्यापुढचा आकडा कितवा पर्याय हे सांगतो. मजकूर दिल्यावर कॅल्ट आपोआप बंद होत नाही, ब्राउझर (व्हीएस कोड त्याच यंत्रणेवर चालतो) तो मुळात चालूच ठेवतो. फक्त रेघवालं शून्य हवं, लिगेचर नको, तर स्पष्ट लिहावं लागतं: 'कॅल्ट' ऑफ, 'लिगा' ऑफ, 'झीरो'. ही ओळ विसरल्यामुळे "टॅग लावला आणि लिगेचरही आली" अशा तक्रारी येतात.

संचांचे क्रमांक फॉन्टागणिक बदलतात. कॅस्केडिया कोडमध्ये एसएस०१ म्हणजे इटॅलिकमधली वळणदार अक्षरं, एसएस१९ म्हणजे रेघवालं शून्य, एसएस२० म्हणजे नियंत्रणचिन्हांची चित्ररूपं. फिरा कोडमध्ये एसएस०१ लावलं तर 'आर' बदलतो. फॉन्ट बदलला की जुनी ओळ पुसून त्या फॉन्टची यादी पाहूनच नवी लिहा.

आता `!=` तेवढं वगळायचं तर फॉन्टवर अवलंबून आहे. ज्या फॉन्टात सगळी लिगेचर एका कॅल्टमध्ये आहेत, तिथे बाहेरून एकच लिगेचर वगळता येत नाही. मोनास्पेसमध्ये लिगेचर एसएस संचांत गटवार विभागलेली आहेत: बरोबर-चिन्हांचा एक गट, बाणांचा दुसरा, मार्कअपचा तिसरा. बाणांचा संच लावा, बरोबरचा लावू नका. आयोसेव्का स्वतः बांधून घेता येतो. बांधणीच्या आराखड्यात लिगेशन्स विभागात कुठला संच वारशाने घ्यायचा आणि त्यातले कुठले गट बंद किंवा चालू करायचे ते लिहायचं.

आणखी एक सापळा म्हणजे अक्षरांतर. एडिटर.लेटरस्पेसिंग शून्याव्यतिरिक्त काही ठेवलं, तर लिगेचर जातात. सीएसएसच्या नियमातच आहे की अक्षरांत अंतर घातल्यावर ऐच्छिक लिगेचर लावू नयेत. ते योग्यही आहे, नाहीतर बाणाच्या दांड्याला मध्ये फट पडेल.

---

तिरपीरेघ

एचबी-शेपमध्ये बाण बरोबर येतोय, दोन्ही रुंद्या सारख्या. मग टर्मिनलमध्ये काय करायचं? आणि बोल्ड-इटॅलिक असलेल्या ओळीत व्हीएस कोडमध्येही काही बाण तुटलेले दिसतात.

---

बिंदुरेषा

दुसऱ्याचं उत्तर आधी. शेपरला अख्खी ओळ एकत्र मिळत नाही. तिचे आधी रन पाडले जातात: फॉन्ट बदलला, लिपी बदलली, जाडी किंवा तिरकेपणा बदलला, की नवा रन. रंगयोजनेने हायफन साध्यात आणि पुढचं चिन्ह बोल्डमध्ये ठेवलं, तर दोन्ही वेगळ्या फॉन्टफाइलींतून येतात आणि लिगेचर अशक्य. काही एडिटर नुसता रंग बदलला तरी रन तोडतात. `</` किंवा `/>` मध्ये हे वरचेवर होतं, कारण रंग ठरवणारं व्याकरण त्यांचे दोन टोकन (सुटे तुकडे) करतं. रंगयोजनेत चिन्हांना बोल्ड-इटॅलिक देऊ नका.

टर्मिनलांचं असं:

किटी लिगेचर नीट काढतो. गट शेप करून घेतो आणि आलेलं चित्र चौकटींत कापून वाटतो. रिकामा ग्लिफ आधी आहे की नंतर, हे तो फॉन्टावरून ओळखतो. आयोसेव्काची पद्धत वेगळी असल्याने तिच्यासाठी त्यात स्वतंत्र सोय आहे. फीचर लावताना फॉन्टचं पोस्टस्क्रिप्ट नाव (फॉन्टफाइलीतलं अंतर्गत नाव) लागतं, यादीतलं नाव नाही:

```
फॉन्ट_फीचर्स फिराकोड-रेग्युलर +झीरो +एसएस०१
डिसेबल_लिगेचर्स कर्सर
```

दुसरी ओळ फार उपयोगी. कर्सर ज्या लिगेचरवर असेल तेवढं उलगडून मूळ चिन्हं दाखवते. 'नेव्हर' म्हणजे कधीच उलगडू नका, 'ऑलवेज' म्हणजे सगळी बंद. बोल्ड आणि इटॅलिकची पोस्टस्क्रिप्ट नावं वेगळी, म्हणून प्रत्येकासाठी स्वतंत्र ओळ लिहा. ते राहिलं की साध्या मजकुरात रेघवालं शून्य आणि ठळक मजकुरात ठिपक्याचं, असं मिश्रण दिसतं.

वेझटर्ममध्ये हार्फबझ_फीचर्सची यादी असते, बंद करायला 'कॅल्ट=०', 'क्लिग=०', 'लिगा=०'. घोस्टीत फॉन्ट-फीचर = -कॅल्ट. विंडोज टर्मिनलच्या सेटिंग्ज फाइलीत 'फॉन्ट'च्या आत 'फीचर्स' आणि त्यात टॅगपुढे ० किंवा १. अलॅक्रिटी लिगेचर काढतच नाही, तिथे सेटिंग शोधण्यात वेळ घालवू नका.

टर्मिनलमध्ये चालणाऱ्या एडिटरचं चित्रण टर्मिनलच करतो. निओविममध्ये बाण तुटला तर उपाय टर्मिनलमध्ये.

---

वळणवाट

ईमॅक्सचं राहिलं. तिथे लॅटिन मजकूर सर्वसाधारणपणे शेपरकडे जातच नाही. कंपोझिशन-फंक्शन-टेबल या तक्त्यात कुठल्या चिन्हापासून सुरू होणारा कुठला नमुना शेपरकडे द्यायचा ते नोंदवावं लागतं. लिगेचर.ईएल हे पॅकेज तेवढंच काम करतं: मोड आणि चिन्हांची यादी द्या, ते तक्ता भरतं. ईमॅक्स २७ पासून हार्फबझ वापरता येतो. तुमची बांधणी त्यासह आहे ना, हे सिस्टम-कॉन्फिगरेशन-फीचर्स या चलात पाहून घ्या.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला ईमॅक्सच सगळ्यांत सरळ उत्तर देतो. यादीत `->` आणि `=>` ठेवा, `!=` ठेवू नका. फॉन्टात एकच कॅल्ट असला तरी `!=` शेपरपर्यंत पोचत नाही, म्हणून बदलत नाही. प्रत्येक भाषेच्या मोडला वेगळी यादीही देता येते.

याची दुसरी बाजू अशी की शेपरला फक्त जुळलेला तुकडा दिसतो, आजूबाजूचं नाही. वर दिलेले 'इग्नोअर' नियम अशा वेळी निकामी होतात. यादीत `->` आहे आणि `->>` नाही, तर `->>` मधला बाण होतो आणि एक चिन्ह सुटं राहतं. म्हणून लांब क्रमही यादीत घाला. फिरा कोडच्या कितीही लांब बाणांसाठी ठरावीक मजकूर पुरत नाही, तिथे नमुना रेगेक्सने द्या. ते बाण प्रत्येक चिन्हाला सुरुवात, मध्य, शेवट असा आपापला ग्लिफ देतात, त्यामुळे त्यांना लांबीची मर्यादा नाही.

कर्सर जोडलेल्या चिन्हांवरून एकदम उडी मारत असेल, तर ईमॅक्स २९ पासून कंपोझिशन-ब्रेक-ॲट-पॉइंट हे चल आहे. ते लावलं की कर्सरपाशी जोड सुटतो.

जीविमच्या जीटीके आवृत्तीत गुइलिगेचर्स हा पर्याय आहे. त्यात जोडता येऊ शकणारी अ‍ॅस्की चिन्हं एकेक करून द्यायची, क्रम नव्हे.

---

फीचरशोध्या

मोनास्पेसचं नाव वर आलं, तर एक इशारा. त्याचा 'टेक्स्चर हीलिंग' हा प्रकार कॅल्टमध्ये बसवलेला आहे. मोनोस्पेसमध्ये 'एम' नेहमी दाबलेला आणि 'आय' नेहमी ताणलेला. हा फॉन्ट 'एम'च्या शेजारी 'आय'सारखं अरुंद अक्षर आलं, की 'एम'चा रुंद आकार घेतो आणि अरुंद अक्षर थोडं सरकवतो. चौकटीची रुंदी बदलत नाही, फक्त रेखाकृती सीमेपलीकडे जाते. दोन्ही बाजूंना रुंदच अक्षरं असतील तर काही होत नाही.

म्हणजे लिगेचर नकोत म्हणून कॅल्ट बंद केला, की हीलिंगही गेलं. या फॉन्टात कॅल्ट चालू ठेवून एसएस संच लावायचे नाहीत, ही योग्य जोडी. ज्या टर्मिनलमध्ये चौकटीबाहेरचा भाग कापला जातो, तिथे मात्र 'एम'चा पाय कापलेला दिसेल. तिथे कॅल्ट बंद केलेला बरा.

---

कानामात्रा

सगळी चर्चा लॅटिन चिन्हांची चालली आहे. कोडमधल्या स्ट्रिंगमध्ये, भाषांतराच्या फाइलींत, कॉमेंटमध्ये देवनागरी असते तेव्हा स्तंभ सरकतात, कर्सर भलतीकडे दिसतो. तेही शेपिंगच ना? त्याला काय उपाय?

---

चौकटमोजणी

शेपिंगच, पण एक मूलभूत फरक आहे. बाण जोडला नाही तरी कोड वाचता येतो. देवनागरीत शेपिंग ऐच्छिक नाही. रफार, अर्धी रूपं, अखंड जोडाक्षरं, जोडणीनंतरची मात्रांची जागा हे सगळं आरपीएचएफ, हाफ, एकेएचएन, प्रेस, एबीव्हीएस, बीएलडब्ल्यूएस अशा फीचरांतून येतं, आणि शेपर ती ठरलेल्या क्रमाने लावतोच. कॅल्ट-लिगा बंद केल्याने ती बंद होत नाहीत.

अडचण मोजणीची. 'क्षत्रिय' घ्या. कोडपॉइंट (युनिकोडमधली सुटी चिन्हं) आठ: क, हलन्त, ष, त, हलन्त, र, ऱ्हस्व वेलांटी, य. यूटीएफ-८ मध्ये २४ बाइट. जुन्या पद्धतीचा टर्मिनल प्रत्येक कोडपॉइंटला रुंदी देतो: हलन्त शून्य, व्यंजन एक. वेलांटीला काही कार्यक्रम एक देतात, काही शून्य, कारण ती जागा घेणाऱ्या जोडचिन्हांत मोडते, तर उकार आणि एक मात्रा जागा न घेणाऱ्यांत. म्हणजे शब्द ६ चौकटींचा किंवा ५. वाचणाऱ्याला मात्र तीन अक्षरं दिसतात: क्ष, त्रि, य. युनिकोडच्या ग्राफीम नियमांत (वाचणाऱ्याच्या दृष्टीने एक अक्षर कुठे संपतं ते सांगणारे) २०२३ च्या १५.१ आवृत्तीपर्यंत याचे पाच तुकडे पडत: क्, ष, त्, रि, य. त्या आवृत्तीत भारतीय जोडाक्षरांसाठी नवा नियम आला आणि तीन तुकडे झाले. तुमचा शेल एक आवृत्ती मानत असेल, टर्मिनल दुसरी आणि एडिटर तिसरी, तर कर्सर सरकणारच. तिथे फॉन्ट बदलून काही होत नाही.

बहुतेक कोडिंग फॉन्टांत देवनागरी नसते, हा दुसरा भाग. मग प्रणाली पर्यायी फॉन्ट शोधते, त्याच्या रुंद्या वेगळ्या आणि त्याही अक्षरागणिक वेगळ्या.

जे करता येतं ते असं. पर्यायी फॉन्ट नशिबावर सोडू नका, यादीत दुसऱ्या जागी नाव घाला: जेटब्रेन्स मोनो, नोटो सान्स देवनागरी, मोनोस्पेस. किटीत सिम्बॉल_मॅप यू+०९००-यू+०९७एफ आणि पुढे फॉन्टचं नाव. ईमॅक्समध्ये सेट-फॉन्टसेट-फॉन्टला 'देवनागरी' ही लिपी देऊन. रफार-मात्रा वरून कापल्या जात असतील, तर व्हीएस कोडमध्ये एडिटर.लाइनहाइट १.६ करून पाहा. ८ पेक्षा लहान आकडा फॉन्टच्या आकाराचा गुणक म्हणून घेतला जातो. आणि देवनागरीच्या उजवीकडे काहीही स्तंभात जुळवू नका. ओळीच्या शेवटी स्ट्रिंग, कॉमेंट स्वतंत्र ओळीवर.

---

वळणवाट

ईमॅक्समध्ये लिगेचर घालवायला ऑटो-कंपोझिशन-मोड बंद करा, असा सल्ला दिला जातो. देवनागरी वापरणाऱ्याने तो अजिबात पाळू नये. देवनागरीची जोडणीही त्याच यंत्रणेतून होते. मोड बंद केला की जोडाक्षरं सुटी पडतात आणि ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे जाते. लिगेचर नको असतील तर लिगेचर.ईएलची यादी रिकामी करा.

---

कानामात्रा

'दऱ्या'सारखा शब्द शोधला तर काही ठिकाणी सापडतो, काही ठिकाणी नाही. दिसायला दोन्ही सारखेच.

---

बिंदुरेषा

चंद्रकोरी र दोन तऱ्हांनी लिहिता येतो. यू+०९३१ म्हणजे ऱ, त्यापुढे हलन्त आणि य. किंवा साधा र, हलन्त, मग अदृश्य जोडणारं चिन्ह यू+२००डी, मग य. 'दऱ्या' पहिल्या तऱ्हेने पाच कोडपॉइंट, दुसऱ्या तऱ्हेने सहा. शेपर दोन्हींना तोच आकार देतो, शोध मात्र कोडपॉइंट पाहतो. एनएफसी (युनिकोडचं जोडलेलं प्रमाणित रूप) केल्यानेही दोन्ही एक होत नाहीत, कारण ते अदृश्य चिन्ह काढत नाही. शिवाय एनएफडीमध्ये (सुटं केलेलं प्रमाणित रूप) ऱ चे र आणि नुक्ता असे दोन भाग होतात.

स्ट्रिंग तुलनेआधी 'र, हलन्त, यू+२००डी' हा क्रम 'ऱ, हलन्त'ने बदलून घ्या, आणि एडिटरमध्ये अदृश्य चिन्हं दाखवणारं सेटिंग चालू ठेवा. तपासायला पुन्हा एचबी-शेप: --नो-ग्लिफ-नेम्स न लावता दोन्ही रूपं चालवली, तर सहसा दिसणारे ग्लिफ तेच आणि क्लस्टर क्रमांक वेगळे दिसतात.

---

तिरपीरेघ

एक एडिटर असा आहे की त्यात फीचरचं सेटिंगच नाही. तिथे रेघवालं शून्य कसं आणायचं? आणि मराठी वळणाचे ल आणि श? फॉन्टात ते आहेत म्हणतात, पण एडिटरमध्ये हिंदी वळणाचेच दिसतात.

---

फीचरशोध्या

दोन्हींचं उत्तर एकच: फीचर फॉन्टातच गोठवून टाका.

मराठी ल-श फॉन्टात असतील तर लोकल या फीचरखाली असतात आणि मजकुराची भाषा मराठी आहे असं शेपरला सांगितलं तरच लागतात. वेबपानावर भाषेचं गुणविशेषण 'एमआर' असलं की ते काम होतं. एडिटर सहसा शेपरला मजकुराची भाषा सांगत नाही, म्हणून फीचर फॉन्टात पडून राहतं. फॉन्टात ते आहे का, हे एचबी-शेपला --लँग्वेज=एमआर देऊन आणि न देऊन ल चालवला की कळतं; ग्लिफचं नाव बदललं तर आहे.

गोठवायला पायएफटीफीटफ्रीझ (-एफ पुढे फीचर, लहान -एस पुढे लिपी, -एल पुढे भाषा):

```
पायएफटीफीटफ्रीझ -एफ 'झीरो,एसएस०१' -एस(मोठा) -यू(मोठा) कोड आत.टीटीएफ बाहेर.टीटीएफ
पायएफटीफीटफ्रीझ -एस डेव्ह२ -एल एमएआर -एफ लोकल आत.टीटीएफ बाहेर.टीटीएफ
```

हे साधन अक्षराचा मूळ ग्लिफच बदलून पर्यायी ग्लिफकडे वळवतं. त्यामुळे एकास-एक बदल गोठतात. कॅल्टसारखे संदर्भावर चालणारे बदल गोठत नाहीत, आणि बाणांसाठी त्याचा उपयोग नाही. नावाला जोड (पहिल्या आज्ञेतलं '-एस(मोठा) -यू(मोठा) कोड') लावायला विसरू नका, नाहीतर जुना आणि नवा फॉन्ट एकाच नावाने बसतात आणि प्रणाली कुठला उचलेल सांगता येत नाही. ओएफएल या खुल्या फॉन्टपरवान्यात राखीव नाव जाहीर केलेलं असेल, तर बदललेली प्रत वाटताना नाव बदलणं बंधनकारकही आहे.

पायएफटीसबसेटने फॉन्ट लहान करत असाल तर --लेआउट-फीचर्स='*' द्या. न दिल्यास कॅल्ट राहतो, पण एसएस संच गळतात.

---

चौकटमोजणी

त्याला जोड. एकाच कॅल्टच्या फॉन्टातून `!=` तेवढं कायमचं काढायचं असेल तर टीटीएक्सने (फॉन्ट मजकूररूपात उघडून परत बांधणारं साधन) होतं. टीटीएक्स -टी जीसब देऊन तक्ता एक्सएमएलमध्ये काढा. कॅल्टच्या नोंदीत लुकअपचे अनुक्रमांक असतात. जो लुकअप उद्गारचिन्हाच्या ग्लिफचं रूपांतर करतो तो शोधा आणि कॅल्टमधून त्याचा क्रमांक पुसा. लुकअप स्वतः पुसू नका, पुसला की त्याच्यानंतरचे सगळे क्रमांक सरकतात. मग टीटीएक्स -एम मूळ.टीटीएफ देऊन परत जोडा. बाण तसेच राहतात.

यात हमखास चुकतं ते असं: कॅल्टची नोंद एकापेक्षा जास्त वेळा असू शकते, लॅटिनसाठी एक, सिरिलिकसाठी एक, डिफॉल्टसाठी एक. एकाच ठिकाणी पुसलं तर इंग्रजी शब्दांच्या ओळीत `!=` सुटं दिसतं आणि नुसत्या चिन्हांच्या ओळीत पुन्हा जोडलेलं. सगळ्या नोंदी पुसा. `!==` चा लुकअप वेगळा असतो, तोही पाहा.

ल-श गोठवल्यावर ल्ल, ल्य, श्र, श्च, श्व ही जोडाक्षरं एकदा एचबी-व्ह्यूमध्ये काढून बघा. अर्ध्या रूपांचे नियम मराठी ग्लिफसाठीही लिहिलेले असतील तर सगळी नीट येतात. नसतील तर पूर्ण ल मराठी वळणाचा आणि ल्य मध्ये हलन्त उघडा पडलेला दिसतो. तशा फॉन्टात ल गोठवू नका.